तीन बोटांची गिटार

आमच्या शेजारच्या इमारतीत एक गृहस्थ चाळिशी उलटल्यावर गिटार शिकतात. रोज संध्याकाळी खिडकी सताड उघडी आणि तीच ती दोन सुरांची खुडबुड. वाजवोत बापडे, माझं काही म्हणणं नाही. माझं डोकं फिरतं ते त्यांना शिकवायला येणाऱ्या पोराचं बोलणं ऐकून. ‘सर, छान चाललंय, धीर धरा, येईल हळूहळू.’ मोठ्या माणसाला शिकताना कुणी असा धीर देऊ लागला की मी आधी धीर देणाऱ्याकडे बघतो. याचं यात काय अडकलंय, ते बघतो. पोरगा बिचारा निर्मळ असेल. पण माझी ही खोड आता जायची नाही. ती मला तुळशीराम भोयरांमुळे लागली.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती तेव्हाची गोष्ट. मी नागभीडजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो. गावचे मालगुजार बापूसाहेब मोठे हुशार. जमिनीचा रुबाब जाताच त्यांनी गावाबाहेर आरा मशीन टाकली. जंगलातून सागवानाचे ओंडके, आमच्याकडे त्यांना गोल म्हणतात, बैलबंड्यांवर लादून येत आणि दिवसभर त्या आरीची किंचाळी गावाच्या कानात घुसे. तुळशीभाऊ त्या मशीनवरचे मुख्य आरेवाले. आणि हिवाळ्यात, धान कापून चुरून घरात आलं की, तेच गावच्या नाटकमंडळीचे पेटीमास्तर.

आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. माणूस सावकाराला चुकवील, नाटकाला चुकवायचा नाही. मी मंडळीचा प्रॉम्प्टर होतो, म्हणजे पडद्याआडून नटांच्या तोंडात वाक्यं कोंबायचा धंदा. माझ्या शेजारीच पेटीची जागा, त्यामुळे तुळशीभाऊंचं आणि माझं सूत जमलं. उंच, वाळके, मान कायम जराशी डावीकडे कललेली. कुणी बेसूर गायलं तर हे रागावत नसत, नुसता डावा कान चोळत. नट मंडळी त्या कानाला बापूसाहेबांपेक्षा जास्त भीत. एकदा आम्ही रस्त्यानं चाललो होतो. मागून बंडी करकरत आली. हे थांबले, गाडीवानाला म्हणाले, ‘काऊन गा, चाकाले तेल नाई का? केव्हाची काळी दोनमधी रडून राह्यली.’ गाडीवानाला पेटीवरची काळी दोन कुठली कळायला? त्यानं मुकाट्यानं खाली उतरून तेल घातलं.

दिवाळीनंतर मंडळीची सुपारी फिरे. बापूसाहेबांचा गडी तबकात विडा-सुपारी आणि कोरे रुमाल घेऊन घरोघर जाई. ज्याच्या दारात तबक थांबलं तो त्या सालच्या नाटकात. नट असो, तबलजी असो की दिवाबत्तीवाला. सुपारी आली म्हणजे तुम्ही गावात कुणीतरी आहात. नाही आली तर तुम्ही बसा मग तरटावर, बाकीच्या गावासोबत. तुळशीभाऊंच्या दारात तबक नेहमी सगळ्यांत आधी थांबे.

मग एका पावसाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आरीनं नेली. अंगठ्याशेजारची दोन्ही, मुळापासून. गोल आरीवर एक लोखंडी टोप असतो, हात आत जाऊ नये म्हणून. पण जाड गोल त्याखालून जात नाही. टोप काढा, गोल सारा, पुन्हा टोप बसवा, यात वेळ जातो. म्हणून बापूसाहेबांनी तो टोप कायमचा काढून भिंतीला टेकवून ठेवायला लावला होता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि नागपूरहून कारखान्यांचे इन्स्पेक्टर आले तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी बापूसाहेब स्वतः भोयरांच्या अंगणात आले, बाजेवर टेकले. सीताबाईंनी, म्हणजे तुळशीभाऊंच्या बायकोनं, मला हे नंतर सांगितलं. बापूसाहेब म्हणाले, ‘तुळशीराम, जे झालं ते झालं. तू मशीनीवर राह्यशील, राखणीले. आन मंडळीत तुही जागा हाये. पेटीवर आता माह्या भाच्याले बसवतो, त्याले इलाज नाई. पन तू दुसरं काई शिक. वाजवता आलं का त्याच दिवशी तुह्या दारी सुपारी. माह्या जबानीवर ठेव.’

दुसऱ्या दिवशी तुळशीभाऊंनी इन्स्पेक्टरला सांगितलं, ‘माहीच चूक. माहा डोळा लागला होता.’

मला या माणसाचा राग येतो तो इथपासून. पण हेही सांगतो, तेव्हा आला नव्हता. माणूस बोटं गमावतो आणि त्या बोटांनी जे करायचा ते परत मिळेल असं कुणीतरी सांगतं. यावर कोण विश्वास ठेवणार नाही?

आता काय शिकायचं? ढोलकीला बोटं हवीत, तबल्याला हवीत. पेटी डाव्या हातानं वाजवली असती कदाचित, पण पेटी बापूसाहेबांची, आणि तिच्यावर भाचा बसला होता. साल निघून गेलं. मग एकदा मशीनवरचा माल वॅगनमध्ये चढवायला तुळशीभाऊ नागभीड जंक्शनला गेले आणि तिथं रेल्वेच्या क्वार्टरच्या ओट्यावर एक गोरेला गार्डसाहेब मांडीवर आडवी गिटार घेऊन बसलेला पाहिला. एका हातानं तारा छेडायच्या, दुसऱ्या हातानं लोखंडाचा गुळगुळीत तुकडा तारांवरून फिरवायचा. बस. तो दुसरा हात कुठलीच तार दाबत नाही. तुळशीभाऊंची वॅगन तशीच राहिली. त्यांनी साहेबापुढे आपला उजवा हात धरला, आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, ‘साहेब, ये इतने में होयेगा क्या?’

साहेबानं हात उलटापालटा करून पाहिला. म्हणाला, ‘होएगा, मॅन. लेकिन धीरे.’

त्या गार्डाबद्दल मला वाईट शब्द काढता येत नाही. आमच्या या सगळ्या प्रकरणात एवढा एकच मनुष्य असा, की ज्यानं धीर धर म्हटलं आणि त्याचं त्यात काहीच अडकलेलं नव्हतं. त्याची ड्यूटी नसेल त्या रविवारी तुळशीभाऊ पायी नागभीडला जात. तो विलायतेला निघाला तेव्हा गिटार यांना देऊन गेला, आणि यांनी त्याला चिन्नोर तांदळाचं एक पोतं नेऊन दिलं. जाण्याआधी त्यानं तारा काढून उलट्या क्रमानं लावून दिल्या, डाव्या हातानं छेडता याव्यात म्हणून. तो लोखंडी तुकडा मात्र साहेबाबरोबर गेला. तुळशीभाऊंनी बंडीच्या मोडक्या आसाचा तुकडा कापला आणि अख्खा पावसाळा दगडावर घासत बसले. मी शाळा सुटल्यावर बघायला जात असे. अंगठा आणि उरलेली दोन बोटं यांच्या चिमटीत तो तुकडा, आणि खर्र खर्र. शेवटी त्यात तोंड दिसू लागलं.

आणि मग शिकणं सुरू झालं. बाप्पा, काय ते हाल! नवखा माणूस शिकतो तेव्हा त्याला आपण किती वाईट वाजवतो ते कळत नाही, म्हणून तो टिकतो. यांचा कान मास्तरचा होता आणि हात पहिलीतल्या पोराचा. पेटीत सूर तयार असतो, पट्टी दाबली की निघाला. इथं प्रत्येक सूर तारेवर शोधायचा, आणि तुकडा गव्हाएवढा सरकला तरी बेसूर. स्वतःच वाजवायचं आणि स्वतःच कान चोळायचा. पहिल्या वर्षी त्यांचा डावा कान लाल असायचा कायम.

घरात वाजवायची सोय नव्हती. सीताबाई म्हणाल्या, ‘घरी कुत्रं मेल्यावानी वाटते. बाहीर जा.’ मग हे पहाटे तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसत. तिथं ढिवर लोक जाळी टाकत. त्यातला लटारू म्हणजे एक नंबरचा चेष्टेखोर. जाळं खांद्यावर टाकून म्हणे, ‘तुळशीभाऊ, तुमी आले आन मासोळ्या खाली जाऊन बसल्या पाहा. आज पोराबाळाले काय चारू?’ पण रोज थांबे. जाळं फेकायचं, बसायचं, ऐकायचं. कधी म्हणे, ‘ते कालच्यावालं पुन्हा वाजवा ना. ते शेवटचं, वर जाते ते.’ हा माणूस पुढे माशांवर भागेना म्हणून आरा मशीनवर मजुरीला लागला. पहाटे तलाव, दिवसा मशीन. तरी तुळशीभाऊंचं ऐकल्याशिवाय जायचा नाही.

तुळशीभाऊंची शिकायची रीत होती. एका पदाची एकच ओळ घ्यायची आणि ती महिना महिना सोडायची नाही. पुढची ओळ कितीही येते वाटली तरी तिच्याकडे बघायचं नाही. कुणी विचारलं, ‘काय भाऊ, आलं का?’ की उत्तर ठरलेलं, ‘आज कालच्याहून कमी खराब.’ मी एकदा चिडून म्हटलं, ‘तुमी चांगलं कवा म्हणसान?’ तर हसले आणि म्हणाले, ‘मास्तर, चांगलं म्हटलं का माणूस थांबते. आन मले थांबून चालत नाई.’

दर दिवाळीनंतर सुपारी फिरायची आणि त्यांच्या दारावरून पुढे जायची. ते दारात उभेच असत, खांद्यावर धुतलेला पंचा. तबक गेलं की पंचा काढून दोरीवर टाकत आणि मशीनवर राखणीला जात. मग चार-आठ दिवसांनी बापूसाहेब स्वतः मशीनवर गाठून पाठीवर हात ठेवायचे. ‘आयकलं मी परवा पारीवरून जाताना. लय सुदारला. घाई कायची हाये? शीक शीक, पुढच्या साली नक्की.’ आणि हा शहाणा माणूस त्या दिवशी घरी येऊन सीताबाईंना सांगायचा, ‘बापूसाहेबांनी आयकलं म्हणते.’ सीताबाई तोंडावर पदर घेऊन चूल फुंकत. त्यांना समजत होतं. शिकणारा माणूस आशेवर असतो, आणि आशेवरचा माणूस तक्रार करत नाही. बापूसाहेबांना तेवढंच हवं होतं. टोप अजून भिंतीलाच टेकून होता.

पण हाही भाग खरा की दोन-तीन वर्षांत ते वाजवणं ऐकण्याजोगं झालं. मग चांगलं झालं. मग असं झालं की पारीवरून धुणं घेऊन चाललेल्या बायका उभ्या राहू लागल्या. त्या गिटारीचा सूर एका सुरातून दुसऱ्यात रडत सरकतो, गाणाऱ्या माणसाला जमत नाही असा. चौथ्या साली भाच्याची पेटी आणि मंडळीचं नशीब दोन्ही बसलं. शेजारच्या गावानं बाहेरची पार्टी आणली आणि आमच्याकडची सगळी गर्दी तिकडे गेली. आता बापूसाहेबांना काहीतरी नवं हवं होतं. कुणी न पाहिलेलं वाद्य त्यांच्याच राखणदाराच्या घरात होतं.

त्याच आठवड्यात आरीनं लटारूचा डावा पंजा नेला. मनगटापासून.

नागपूरहून पुन्हा इन्स्पेक्टर आले. या वेळचे साहेब तरुण होते, चिवट होते. गावात खुर्ची-टेबल फक्त शाळेत, म्हणून ते शाळेत बसले, पोरांना मी सुट्टी दिली. मशीनवरचे मजूर एकेक करून येऊन गेले. कुणाला काही दिसलं नव्हतं. मी आपण होऊन म्हटलं, की आरीवर टोप नसतो, भिंतीला टेकलेला असतो. साहेब म्हणाले, ‘तुम्ही पाहिलाय?’ मी मशीनच्या फाटकाच्या आत कधी गेलो नव्हतो, जाऊ देत नसत. ‘ऐकलंय,’ म्हटलं. ते म्हणाले, ‘ऐकलेलं चालत नाही, गुरुजी. आत काम करणारा एक माणूस द्या. एकच बोलला तरी मी मशीन बंद ठेवतो आणि त्या जखमी माणसाचं पाहतो.’

मग तुळशीभाऊ आले. मला हायसं वाटलं. ज्याची स्वतःची बोटं गेली तो नाही बोलणार तर कोण? लटारूची बायको बाहेर कडुलिंबाखाली बसली होती, तीही त्यांना बघून उठून उभी राहिली.

साहेबांनी विचारलं, ‘आरीवर टोप होता?’

तुळशीभाऊंच्या खिशातून कोरा रुमाल डोकावत होता आणि ओठ विड्यानं लाल होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळीच त्यांच्या दारात तबक थांबलं होतं.

‘होता,’ ते म्हणाले. ‘लटारूनंच काढला. लवकर घरी जाची घाई राहे त्याले.’

साहेबांनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. उत्तर तेच. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि बाहेर बंडी जुंपायला सांगितली.

मी त्यांच्या मागे वऱ्हांड्यात गेलो. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. म्हटलं, ‘भाऊ, टोप होता का?’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लटारूच्या बायकोकडेही नाही. मान कललेलीच होती. म्हणाले, ‘मास्तर, चार वर्स झाले.’

एवढंच. चार वर्षं झाली. माणसाला इतका धीर धरायला लावलं, की त्याच्यापाशी धीराखेरीज काही उरलंच नाही.

नाटक झालं. मला जायचं नव्हतं, पण प्रॉम्प्टर गेला नाही तर नट तोंडं उघडून उभे राहतात. सीताबाई आल्या नाहीत. मी बोलवायला गेलो तेव्हा सुपात तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या, ‘मी नाई येत, मास्तर. तुमी पाहून घ्या.’ आमची नाटकं उजाडेपर्यंत चालतात. राणीच्या मरणाचा प्रवेश आला तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं. तुळशीभाऊ माझ्या शेजारी बसले होते, जुन्या जागी. गिटार मांडीवर, तीन बोटांत तो आसाचा तुकडा. त्यांनी पदाची ओळ घेतली.

खराब वाजवली असती तर किती बरं झालं असतं. तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात तसं पुन्हा ऐकलं नाही. दवात भिजलेल्या तरटांवर बसलेलं ते सगळं गाव हललं नाही. बायकांनी पदर तोंडात धरले. राणीचं काम करणारा आमचा टेलर, चार पोरांचा बाप, मेल्याचं सोंग घेऊन पडला होता आणि त्याच्या बंद डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझं वाक्य द्यायचं राहून गेलं, पण कुणाला वाक्य हवंच नव्हतं. बापूसाहेबांनी उठून सगळ्यांदेखत तुळशीभाऊंना फेटा बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपोआप वाजले. तुळशीभाऊ फेटा सावरत गर्दीत कुणाला तरी शोधत होते. ढिवर आळीतलं त्या रात्री कुणीच आलं नव्हतं.

त्यानंतर ते पारीवर दिसेनात. मशीन बंद झालीच नाही. लटारूला जाळं फेकता येईना. फेकायच्या जाळ्याला दोन हात लागतात, शिवाय दोरी दातात. त्याची बायको दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत मजुरीला जाऊ लागली. मी गडचिरोलीकडे बदली मागून घेतली. त्या गावात मला पाणी गोड लागेना.

निघायच्या आदल्या दिवशी मी लटारूच्या घरी गेलो. त्याचा मोठा पोट्टा शाळेत येत नव्हता, म्हणून विचारायला. कुडाच्या फाटकाशीच थबकलो. अंगणात बाजेवर लटारू बसला होता. समोर जमिनीवर तुळशीभाऊ. गिटार लटारूच्या मांडीवर आडवी ठेवलेली, तारा पुन्हा सुलट क्रमानं लावलेल्या. तुळशीभाऊंनी चामड्याचा एक पट्टा करून आणला होता, त्यात तो आसाचा गुळगुळीत तुकडा शिवून बसवलेला. ते तो पट्टा लटारूच्या मनगटाच्या थोट्याला बांधत होते. तीन बोटांनी बक्कल लागत नव्हतं. घसरे, पुन्हा लावत.

‘पयले सा-आठ महिने काई येत नाई,’ ते सांगत होते. ‘तवा घाबराचं नाई. मंग येते. मी रोज येत जाईन. तुले त कान हाये, मले ठाऊक हाये.’

लटारू कुडाबाहेर तलावाकडे बघत होता. तिकडेच बघत बोलला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

‘भाऊ, मले वाजवणं नोतं पाह्यजे. तुमी त्या दिवशी शाळेत एक शबद खरा बोल्ले अस्ते, त लय झालं अस्तं.’

तुळशीभाऊंचे हात थांबले. मला वाटलं आता ते उठतील, नाहीतर रडतील, नाहीतर पाय धरतील. त्यांनी मान खाली घालून पुन्हा बक्कल धरलं. लटारूनं हात मागे घेतला नाही. दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पुढे धरून ठेवला.

बक्कल लागलं. तुळशीभाऊंनी पट्ट्याखाली करंगळी घालून घट्टपणा पाहिला आणि हळूच विचारलं, ‘दुखून राह्यलं का?’

‘नाई,’ लटारू म्हणाला.

मी पोराचं न विचारताच परतलो.